चुन्याखालची फणी

फोन चक्क जिमचा होता. घरातला फोन बायकोचा आणि शेतातला ट्रॅक्टर आपला, अशी वाटणी करून बसलेला हा स्कॉटलंडमधला शेतकरी. तो रविवारी संध्याकाळी वॉटफर्डला मला फोन करतो म्हणजे बातमी बरी नसणार. माझी पोळी तव्यावर होती. त्याने हवापाणी विचारलं नाही, आडवळण घेतलं नाही. कुंदा गेली, एवढंच म्हणाला. झोपेतच, हृदय थांबून. त्या दुपारी ती त्यांच्याकडे जेवायला यायची होती. आली नाही म्हणून इशबेल, म्हणजे त्याची बायको, डंडीला तिच्या फ्लॅटवर गेली... पुढचं त्याला बोलवेना आणि मला ऐकवेना. पोळीचा कोळसा झाला तरी मी रिसीव्हर धरून तशीच उभी होते.

त्याला आता काही आठवडे झाले. आमच्या इथल्या मराठी मंडळात भेटणारा प्रत्येक जण हळहळतो आणि मग विचारतो, "कुंदा म्हणजे ती दगडवाली ना?" हो, तीच दगडवाली. पूर्वी हा शब्द लोक हसू दाबून म्हणायचे, आता जरा जपून म्हणतात. रडण्यासाठी मी हे लिहीत नाही, रडून झालंय. आमच्या कुंदाने एक लढाई मारली होती आणि ती मी समोर बसून बघितली, ते सांगण्यासाठी लिहितेय.

आमची ओळख हाउन्सलोची, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. एकाच हॉस्पिटलात ती एक्स-रे काढायची, मी रेकॉर्ड ऑफिसात फायली लावायचे. एका दुकानाच्या माडीवर आम्ही दोघींनी मिळून फ्लॅट घेतला होता. विमानं इतकी खालून जायची की वाक्य अर्ध्यात थांबवायचं, विमान जाऊ द्यायचं आणि मग क्रियापद म्हणायचं, अशी आम्हाला सवय लागली होती. मी पुण्याची, ती जुन्नरकडच्या एका खेड्यातली, बौद्ध घरातली. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. पहिल्याच आठवड्यात तिने मला सरळ विचारलं, माझ्या हातचं चालेल ना? मी म्हटलं, तुझ्या हातचं मला चालेल गं, माझ्या हातचं तुला गिळवतंय का ते आधी बघ. ती एवढी हसली की वरून विमान गेलं तरी ऐकू आली. तो विषय तिथेच संपला, आणि स्वयंपाक कायमचा तिच्या गळ्यात पडला.

मग तिला डंडीच्या हॉस्पिटलात वरची जागा मिळाली. मंडळातल्या थोरामोठ्यांनी नाकं मुरडली. एकटी बाई, एवढ्या उत्तरेला, हाडं गोठतील म्हणाले. कुंदा म्हणाली, हाडं बघायचाच पगार मिळतो मला. आणि गेली. मीही तो फ्लॅट सोडून वॉटफर्डला आले. पुढच्या वर्षी मी तिला भेटायला गेले तर स्टेशनवर ही बया माझ्या मापाचे गमबूट घेऊन उभी. म्हटलं, आधी चहा तरी पाज. तर म्हणे, उजेड आहे तोवर चल. आणि मला नेलं कुठे, तर एका चर्चच्या आवारात, भुरभुर पावसात, पुरुषभर उंचीच्या एका दगडासमोर.

त्या दिवशी मी पिक्ट लोकांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी या उत्तरेकडच्या मुलखात राहणारी ही माणसं. रोमन लोकांनी त्यांना पिक्ट म्हटलं, म्हणजे रंगवलेले. बहुधा अंगावर गोंदवून घेत असतील. ते स्वतःला काय म्हणवत होते, देव जाणे. पश्चिमेला आयर्लंडहून आलेले गेल, नैर्ऋत्येला ब्रिटन नावाचेच लोक, दक्षिणेला अँगल, असे शेजारी चहूकडून. पुढे गेलांच्यात ते असे मिसळून गेले की भाषाही उरली नाही. उरले ते दगड, आणि दगडांवर कोरलेली चिन्हं: चंद्रकोर, मोडका बाण, साप, मासा, आरसा, फणी, आणि लांब सोंडेचं एक जनावर, जे हत्तीही नाही आणि घोडाही नाही. त्यांचा अर्थ आजवर कुणाला खात्रीने लागलेला नाही. मी म्हटलं, अर्थच लागत नाही तर बघायचं काय? त्यावर कुंदा म्हणाली की कळत नाही म्हणून कमी आवडतं, असं थोडंच असतं.

एकदा बोलायला लागली की ती थांबायची नाही. त्यांच्यात राजाचा वारस ठरवताना वाद झालाच तर आईकडचं नातं बघत, असं एका जुन्या मठवासीयाने लिहून ठेवलंय. खरंखोटं तोच जाणे, पण कुंदाला ते फार आवडायचं. दक्षिणेचा अँगल राजा चाल करून आला तेव्हा पिक्टांनी पळ काढल्याचं सोंग केलं, त्याला अडचणीच्या डोंगराळ जागेत ओढलं आणि तिथे गाठून मारलं. "गनिमी कावाच की गं," ती म्हणायची, सगळी योजना जणू हिच्याच घरी ठरली होती. पण सर्वांत जास्त ती बोलायची एका विहिरीबद्दल. तिचं पाणी प्यालं की अंगावर रोग उठतो, अशी पिक्टांना भीती होती आणि म्हणूनच ते त्या विहिरीला भजायचे. आयर्लंडहून एक साधू आला. त्याने त्या पाण्याने हातपाय धुतले, तो ओंजळभर पाणी प्यायला, आणि त्याला काहीही झालं नाही. इथवर आलं की कुंदाला आजोबा आठवायचे. तिच्या आजोबांनी महाडला तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं... एकदा ती म्हणाली, "पाणी पिऊन दाखवावं लागतं, वसू. नुसतं सांगून कुणाची भीती जात नाही."

या वेडाचं मूळ जुन्नरकडेच होतं. त्यांच्या गावच्या शिवेवर एक देवी होती, शेंदराची पुटं चढून चढून तिचा नुसता लाल गोळा झालेला. कुंदाचे वडील म्हणायचे, आत बुद्ध असणार, खांद्याची उतरण बघा. गावाला ते मान्य नव्हतं. वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी वस्तीतल्याच दोन उत्साही तरुणांनी भर दिवसा विळ्याने तो गोळा खरवडला. शेंदूर निघाला आणि त्याच्याबरोबर चेहराही निघाला. आत बुद्ध होता, देवी होती की आणखी कुणी, हे आता जगात कुणीच सांगू शकणार नव्हतं. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. त्या लहान मुलीच्या मनात दोन गोष्टी कायमच्या बसल्या: पुटाखाली काय दडलंय ते वरच्या फुगवट्यावरून ओळखायचं, आणि खरवडायचं नाही.

आता तिची फजितीही सांगते, नाहीतर ती वरून मला खोटारडी म्हणेल. आपल्याकडचे वीरगळ खालून वर वाचतात: तळाला लढाई, मधे वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर तो कैलासात. कुंदाने डंडीजवळच्या एका शेताच्या फाटकाशी असलेला दगड तसाच खालून वर वाचला. तळाला घोडे, मधे बायका, वर चंद्रकोर. मोठ्या थाटात तिथल्या छोट्या म्युझियमच्या क्युरेटरला बोलावलं. उंच, शांत माणूस, पावसात आला, गुडघे टेकून बसला, बोटाने चाचपलं, आणि मग हळूच म्हणाला की घोडे हे नांगराचे ओरखडे आहेत, बायका कुळवाचे आणि चंद्रकोर फाटकाच्या बिजागरीने घासून झालीय. शिवाय हे दगड असे मजल्यांनी वाचत नाहीत. छिन्नीचे बारीक टोचे दिसतात का ते आधी बघायचं. कुंदाने त्याला घरचा चिवडा खिलवला आणि ते टोचे कसे ओळखायचे ते नीट शिकून घेतलं. पण बातमी वॉटफर्डपर्यंत पोहोचलीच. कुंदाला स्कॉटलंडात म्हसोबा दिसला, हा विनोद मंडळात पुढची दोन वर्षं पुरला.

जिम तिच्या आयुष्यात आला तो मोडलेलं मनगट घेऊन. गाईने लाथ मारली होती. एक्स-रे काढताना तिने गाईचं नाव विचारलं, आणि जिमच्या मते त्या हॉस्पिटलातली एवढी एकच बाई शहाणी निघाली. इशबेलने तिला चहाला बोलावलं. शेतावर गेल्यावर कुंदा आधी गोठा बघायला गेली, खेड्यातली पोर ती. जुना दगडी गोठा, आतून दरवर्षी चुन्याने रंगवलेला. जिमच्या आजोबांपासूनची रीत. दाराजवळ भिंतीत खाली एक मोठा दगड होता, आणि त्याच्यावरचा चुना कुंदाला इतर दगडांसारखा दिसला नाही. एके ठिकाणी तो किंचित खोल गेला होता आणि ती खोलगट रेघ वळत होती. तिने टॉर्च मागवला, भिंतीला चिकटवून आडवा धरला. जिमला काही दिसलं नाही. कुंदाला दिसलं, आणि तिचा चहा गार झाला.

आणि तो गोठा पडणार होता. वसंत आला की डिगर येणार, भिंती पाडणार, राडारोडा अंगणाखाली दाबून टाकणार आणि वर लोखंडी शेड उभी राहणार, असं सगळं ठरलं होतं. कुंदाने म्युझियमचं नाव काढताच जिम बिथरला. त्याची बाजूही खोटी नव्हती. सरकारी माणसं आली, काम अडकलं आणि शेड वेळेत झाली नाही, तर पुढच्या थंडीत गुरं कुठे ठेवायची? वर त्याने हेही सुनावलं की आजोबांनी रंगवलं, बापाने रंगवलं, मी रंगवलं, आम्हाला कुणाला काही दिसलं नाही, आणि या दगडांशी तुझा संबंध काय? कुंदाने उलट विचारलं, पिक्टांची भाषा तुझ्या तरी तोंडात आहे का? मग जो बघेल त्याचा दगड. जिमला हे पटलं नाही, पण आवडलं असावं, कारण त्याने एक सवलत दिली: डिगर येईपर्यंत तुझं तू काय ते काढ. काही निघालं तर बघू. नाही निघालं तर पुन्हा विषय काढायचा नाही.

क्युरेटरने फोनवर सांगितलं की पाणी, लाकूड आणि धीर. धातू लावू नका, आम्ल लावू नका. दिसण्याजोगं काही निघालं की मी येतो. टोमणा नव्हता त्यात, पण घोडे आणि बायका कुंदाच्या मनातून गेल्या नव्हत्या. पुन्हा तोंडघशी पडलो तर आपल्याला कुणी विचारणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. आत खरंच काही असलं आणि आपले हात तिथवर पोहोचलेच नाहीत तर? सुट्टीच्या प्रत्येक दिवशी ती जायची, पाटावर बसायची, चुन्यावर ओली फडकी दाबून ठेवायची आणि मऊ झालेला पापुद्रा लाकडी काडीने सोडवायची. एकाखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा. तीन पिढ्यांचा चुना होता तो, दगडाहून चिवट. वसंत जवळ आला तरी पानाएवढीसुद्धा जागा मोकळी झाली नव्हती.

तेव्हा तिचा मला फोन आला. "वसू, लीव्ह टाक आणि फ्रायडेची ट्रेन पकड. डिगर नेक्स्ट वीकला येतोय. माझ्या एकटीच्याने होत नाही गं, हात हवेत."

मी म्हटलं, मला दगडातलं काय कळतं? ती म्हणाली, "काही कळायला नको. नखं कापून ये."

गेले. माझे गुडघे तेव्हा बरे होते, तरी तासाभरात बोलायला लागले. शेणाचा वास, दारातून येणारा बोचरा वारा आणि शेजारी दगडाला नाक लावून बसलेली कुंदा. एरवी अखंड बोलणारी ही बाई दोन दिवसांत फारसं बोललीच नाही. फडकं दाबायचं, थांबायचं, काडी लावायची, पुन्हा फडकं. दुसऱ्या दिवशी दुपारी जिम दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ बघत होता. मग त्याला आमची दया आली असावी. गेला आणि ट्रॅक्टर घासायचा तारेचा ब्रश घेऊन आला. म्हणाला, सरका बाजूला, पाच मिनिटांत साफ करतो. मनापासून मदत करायला आला होता तो.

कुंदाने दगडावर दोन्ही तळवे पसरले. "नको, जिम. असा एक चेहरा गेलेला मी बघितलाय," ती म्हणाली, आणि मग तिथेच गुडघ्यांवर बसून तिने त्याला सगळं सांगितलं: शिवेवरची देवी, शेंदूर, विळा, न जेवलेले वडील. शेंदूर म्हणजे काय ते समजवायला तिने माझ्या टिकलीकडे बोट केलं. जिम ब्रश हातात धरून ऐकत होता. तिचं बोलणं संपल्यावर तो वळला आणि निघून गेला. मला वाटलं रागावला. थोड्या वेळाने परत आला तो दोन बादल्या गरम पाणी घेऊन, आणि स्वतःच्या हाताने फडकी भिजवायला बसला. दगडाला पाझर फुटतो म्हणतात, तो असा.

गरम पाण्याने चुना भराभर सुटू लागला. आधी एक सरळ रेघ. मग तिला काटकोनात दुसरी, तिच्याशेजारी तिसरी, सगळ्या सारख्या अंतरावर. कुंदाने बोटाने छिन्नीचे टोचे चाचपले, एकदा नव्हे, दोनदा. मला पिक्टांमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते काय होतं ते सांगायला पंडित लागत नव्हता. आपल्या प्रत्येक आईच्या हातात असते, तशी फणी होती ती. संध्याकाळपर्यंत तिच्याशेजारी दांड्याचा गोल आरसा वर आला. तिसऱ्या दिवशी वर चंद्रकोर आली, आणि तिला भेदून गेलेला मोडका बाण. रेघा अशा कोरीव, की वाटावं, कारागीर नुकताच जेवायला उठलाय. चर्चच्या आवारातले दगड वारापावसाने झिजलेले बघितले होते मी. हा तसा नव्हता.

जिमने टोपी काढली. दगडापुढे उकिडवा बसला. मग खालच्या आवाजात म्हणाला की हे आमच्याच हातून झाकलं गेलं, आजोबांच्या, बापाच्या, माझ्या, आणि दरवर्षी आणखी झाकत गेलो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कुंदा त्याच्याकडे वळली.

"झाकलंत म्हणून टिकलं, जिम," ती म्हणाली. "उघडं असतं तर कधीच पुसलं गेलं असतं."

हे वाक्य ती जिमला म्हणत होती खरी, पण मला वाटतं त्या क्षणी तिने जुन्नरच्या शेंदरालाही माफ करून टाकलं. आयुष्यभर ती, खरवडणाऱ्यांपेक्षाही, आधी झाकणाऱ्यांवर चिडलेली होती. त्या दिवशी ती चीड गेली, आणि मी तिला इतक्या आनंदात कधीच बघितली नव्हती.

पुढचं सगळं जिमने केलं. डिगर रद्द केला. शेजारच्या शेतकऱ्यांना गोळा केलं आणि ती भिंत वरून खाली, एकेक दगड हाताने उतरवली. क्युरेटर आला तो चिखलात तसाच गुडघ्यांवर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. मग मागे वळून कुंदाला म्हणाला, तुम्हाला काय दिसतं ते तुम्ही सांगा. ती म्हणाली, फणी, आरसा, चंद्रकोर, मोडका बाण, आणि यावेळी घोडे नाहीत. तो शांत माणूस असा खदखदून हसला की गुरं बिचकली. ट्रॅक्टरच्या साखळीला इशबेलच्या चांगल्या रजया गुंडाळून त्यांनी तो दगड उचलला. दगड जमिनीवरून सुटला तेव्हा सगळ्या बाप्यांनी आरोळी ठोकली. इशबेलने व्हिस्की काढली. पंचशील पाळणाऱ्या कुंदाने तसल्याच ग्लासातून काळा चहा घेतला आणि सगळ्यांशी ग्लास भिडवला. शेड वेळेत उभी राहिली. पुढच्या थंडीत जिमची गुरं उबेत होती. दगड म्युझियममध्ये गेला. आणि आमच्या मंडळाने, म्हसोबाचा विनोद ज्यांनी काढला त्यांनीच, तिला व्याख्यानाला बोलावलं. तिने तासभर स्लाइड दाखवल्या. शेवटी कुणीतरी विचारलं की या फणी-आरशाचा अर्थ काय. काही जाणकार म्हणतात ती बाईची खूण असावी, ती म्हणाली, पण खात्रीने मला माहीत नाही, आणि मला माहीत आहे असं जो सांगेल त्याच्यापासून जरा जपून राहा.

अंत्यविधीला आम्ही वॉटफर्डहून गेलो. मँचेस्टरहून चार-पाच जण गाडी करून आले होते. त्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. हॉस्पिटलची माणसं होती, शेतकरी होते, क्युरेटर आता काठी टेकत चालतो, तोही होता. जिम कोटाची बटणं वरपर्यंत लावून पहिल्या रांगेत बसला होता. दुसऱ्या दिवशी माझी ट्रेन दुपारची होती. सकाळी तो म्हणाला, चल, तुला एक ठिकाणी नेतो. मला वाटलं शेतावर. तर नेलं म्युझियममध्ये. तिथे गेल्यावर कळलं की हा फोनला न शिवणारा अबोल माणूस गेली काही वर्षं आठवड्यातून एकदा तिथे येतो आणि शाळेच्या मुलांना तो दगड दाखवतो. कुंदानेच त्याला या कामाला लावलं होतं आणि मला चोरटीने कधी सांगितलं नव्हतं.

त्या सकाळीही एक वर्ग आला होता. जिमने सगळ्यांना जमिनीवर बसवलं, बाईंनाही. उभ्याने दिसत नाही म्हणाला. मग आपल्या जाड आवाजात, र जिभेवर घोळवत, पिक्टांची गोष्ट सांगायला लागला: गोंदवलेली माणसं, शेजारचे गेल आणि अँगल, खोटा पळ, भीतीची विहीर आणि ओंजळभर पाणी. मग गोठा आणि चुना. आणि मग, त्या स्कॉटिश मुलांना, अगदी रोजचा शब्द असल्यासारखा, त्याने शेंदूर समजावून सांगितला. पुढे बसलेल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, हा दगड कुणी शोधला?

"आमच्यातल्याच एका बाईने," जिम म्हणाला.

म्हणजे कुठली, मुलीने विचारलं.

"जुन्नरची," त्याने सांगितलं, टेकडीपलीकडच्या गावाचं नाव सांगावं तसं, आणि पुढे फणीकडे वळला.